तळ्यातला विचारतो, कोण उरलं?

काय चाललंय रे? पाच पोरं आणि एवढा धुडगूस! एका गोधडीत दोघं, दुसऱ्या गोधडीत दोघं, आणि ही रेणू अशीच उघड्यावर? "आजी, ती उरली," म्हणे. उरली म्हणजे काय रे? डब्यातली शिळी पोळी आहे का ती, उरायला? दिगू, दात काढू नकोस. थांबा, आज तुम्हाला तळ्यातल्याचीच गोष्ट सांगते. मग घाबरलात तर माझ्याकडे यायचं नाही, आधीच सांगून ठेवते. रेणू, तू ये गं इकडे, माझ्या पांघरुणात. आणि तो दिवा राहू दे जरा.

तर मग ऐका. एक होतं गाव. राजा नव्हता त्याला, किल्ला नव्हता, नुसतं एक तळं होतं. गावाचं नाव विचारू नका, झोपायच्या वेळी ते नाव घेत नाहीत.

फार फार वर्षांपूर्वी हे तळं लोकांनी हातांनी खणलं. पावसाळ्यात काठोकाठ भरलं आणि दिवाळी यायच्या आत कोरडं पडलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी लोक तळाशी उतरले, बघतात तर मधोमध एक भेग. वरून ऊन भाजत होतं आणि भेगेतून गारठा येत होता. आणि मग त्या भेगेतून आवाज आला. ओरडला-बिरडला नाही बरं का. अगदी हळू, गोड आवाजात म्हणाला, "पाणी मी धरून ठेवतो. मला काय द्याल?"

आता शहाणा माणूस काय करील? पळत सुटेल. पण तहानेने जीव कासावीस झाला की माणूस कुणाशीही बोलायला तयार होतो. लोकांनी विचारलं, "काय पाहिजे तुला?"

तो म्हणाला, "फार काही नको. वर्षातून एकदा, वैशाखात, भर दुपारी सगळ्या गावाने माझ्या काठावर पंगतीला बसायचं. बाहेरचा पाहुणा नको, गावातलं कुणी घरी नको. तान्ह्या पोराचंसुद्धा पान मांडायचं. आणि ओळी सगळ्या सारख्या पाहिजेत. एकीत जेवढी माणसं तेवढीच दुसरीत, तेवढीच तिसरीत. मी तीनदा विचारीन, कोण उरलं? तिसऱ्यांदा विचारेपर्यंत ज्याला ओळ मिळाली नाही, तो माझा."

तेव्हाचा गावचा कारभारी मोठा हिशेबी माणूस. त्याने गाव मोजलं. भरली दोन हजार पाचशे वीस माणसं. मग त्याने दोन-दोनच्या ओळी करून पाहिल्या. कुणी उरलं नाही. तीन-तीनच्या केल्या, कुणी उरलं नाही. चार-चार, पाच-पाच, सहा-सहा... काय म्हणालास दिगू? हो, सात-सात पण. आठ-आठ पण, नऊ-नऊ पण आणि दहा-दहा पण. कुठेही कुणी उरेना! दोनापासून दहापर्यंत सगळ्यांना पुरा जाणारा याच्याहून लहान आकडा नाहीच मुळी. उद्या सकाळी बस पाटी घेऊन आणि शोध, सापडला तर मला दाखव.

कारभारी गालात हसला. म्हणाला, "कबूल."

आणि त्या गावाचं आणखी एक नवल होतं. त्या गावात ज्या आळीत एखादं म्हातारं माणूस जाई, त्याच आळीत त्याच दिवशी पाळणा हले. एक गेलं, एक आलं. आकडा जिथल्या तिथे. वर्षं गेली, कारभारी बदलले, तळं काही आटलं नाही. दर वैशाखात पंगत बसे, तळ्यातला वर येई, तीनदा विचारी आणि उपाशीच परत जाई. लोक त्या आकड्याला देवासारखं मानत. बाया दळताना त्याचं नाव घेत.

पण भीती होतीच. कारण तो मोजायचा कसा, माहीत आहे? डोळे नव्हते त्याला. अंगावर हिरवं शेवाळ, केसांतून पाणी गळतंय, आणि हाताची बोटं ही एवढी लांब. ओळीमागून चालत यायचा आणि प्रत्येकाच्या टाळूवर ओलं बोट टेकवायचा. एक... दोन... तीन... मागे वळून बघायचं नाही. नुसता गार थेंब टाळूवरून मानेवर उतरायचा आणि कळायचं, की आपण मोजलो गेलो. लहान पोरं तेव्हा आईचा पदर चावून धरायची.

दिगू, पाय आत घे. मला काय माहीत खाटेखाली काय आहे ते!

आता त्या गावात होत्या सात आळ्या. प्रत्येक आळीत बरोबर तीनशे साठ माणसं. वरच्या आळीचे लोक वरच्या आळीबरोबर बसायचे, कुंभारआळीचे कुंभारांत, खालच्या आळीचे सगळ्यांत शेवटी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एका आळीचं पान दुसऱ्या आळीच्या पानाला लागता कामा नये, असा दंडक. म्हणून सात-सातची ओळ त्यांनी कधी मांडलीच नाही. का? अगं, तीनशे साठात सात पुरे जात नाहीत ना! तीन माणसं उरतात. मग ती तीन दुसऱ्या आळीच्या चौघांबरोबर बसवावी लागणार. त्यापेक्षा आपले दहा-दहा बरे. सगळ्या गावाच्या हिशेबात सात बसत होते, गावाच्या मनात बसत नव्हते.

मग एकदा काय झालं, पंगतीला आठ दिवस राहिले असताना कुंभारआळीतले नारबा आजोबा वारले. पिकलेलं पान होतं, गेलं. गाव रडलं थोडं आणि लगेच कुंभारआळीतल्या हौसाच्या दाराशी जाऊन उभं राहिलं. हौसा, भिवा कुंभाराची बायको, पहिलटकरीण, दिवस भरलेले. आत साळू सुईण होती. साळू खालच्या आळीची. तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, पण गावातलं प्रत्येक पोर जन्मल्याबरोबर आधी तिच्याच हातात आलं होतं.

आतून रडण्याचा आवाज आला. बाहेर सगळ्यांनी श्वास सोडला. कारभारी तात्याबा, त्या जुन्या कारभाऱ्याचा पणतू, म्हणाला, "आकडा भरला. चला घरी."

एवढ्यात साळू दारात आली. हात ओले, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "थांबा कारभारी. अजून एक आहे."

जुळ्या मुली झाल्या होत्या, बाळांनो. एरवी गावाने साखर वाटली असती. पण त्या दिवशी दारात उभी असलेली माणसं बोटांवर मोजायला लागली. एक गेला, दोघी आल्या. दोन हजार पाचशे एकवीस!

तात्याबाने देवळात चिंचोके मागवले. दोन हजार पाचशे एकवीस चिंचोके मोजून फरशीवर ओतले आणि सगळी जाणती माणसं मांडायला बसली. दोन-दोन मांडले, एक उरला. तीन-तीन, एक उरला. चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, दर वेळी एक चिंचोका उरायचाच. जो आकडा सगळ्यांना पुरा जात होता, त्यात एकाची भर पडली आणि तो कुणालाच पुरा जाईना. मग अकरा-अकरा करून पाहिले. दोन उरले. तेरा-तेरा केले, बारा उरले. सतरा, एकोणीस, तेवीस, हात दुखेपर्यंत मांडले. चिंचोके काही पुरे जायचे नाहीत. तात्याबाच्या कपाळावरून घाम टपटप फरशीवर पडत होता.

काय रे दिगू? मूळ संख्या? शाळेत शिकवलं होय तुला? शहाणाच आहेस. गावाला ते नाव ठाऊक नव्हतं, त्यांनी त्याला आडमुठा आकडा म्हटलं. कसाही कापा, सारखे वाटे पडायचे नाहीत.

मग तात्याबाने दुसरी युक्ती काढली. गावात धोंडिबा नावाचा एक सडाफटिंग माणूस होता. ना बायको ना पोर. त्याला म्हणाला, "तू शिवेबाहेर निघून जा. एक कमी झाला की झालं." धोंडिबा बिचारा भाकरी बांधून पहाटे निघाला. शीव ओलांडली, माळ ओलांडला, टेकडी चढला, पलीकडे उतरला आणि समोर बघतो तर तळं! आपलंच तळं. पुन्हा निघाला, उलट्या दिशेने. पुन्हा तळं. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते आणि दातावर दात आपटत होते. तो म्हणाला, "कारभारी, वाटेत कुठंही पाणी नव्हतं. तरी माझे पाय बघा."

मग राहिली तिसरी युक्ती. ती कुणी उघड बोलेना. पण सगळ्यांच्या मनात तीच होती, आणि सगळे हौसाच्या घरासमोरून खाली मान घालून जायला लागले. हौसाला काय कळत नव्हतं? बाईला सगळं कळतं.

शेवटी तात्याबा आला. दुष्ट नव्हता हो तो, घाबरला होता. घाबरलेला माणूस दुष्टाहून वाईट वागतो कधीकधी. त्याने खिशातून काळा दोरा काढला. म्हणाला, "हौसा, पहिली पोर नारबाच्या जागेची. दुसरी... दुसरी जास्तीची. तिच्या पायात हा दोरा बांध, म्हणजे पंगतीच्या दिवशी घोळ नको. गावाचा विचार कर. तू तरुण आहेस, तुला आणखी होतील."

हौसाने दोरा घेतला. दोघींना मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बघत बसली. दोघींच्या मुठी आवळलेल्या. दोघींच्या कानाशी एकसारखी लव. एक रडली की दुसरी रडायची. ती म्हणाली, "कारभारी, मी सकाळपासून बघतेय. यात जास्तीची कुठली, ते मला काही दिसत नाही."

तात्याबा खाली बघत म्हणाला, "दुसरी जन्मली ती." आणि निघून गेला.

मग हौसाने काय केलं? दोऱ्याचे तीन तुकडे केले. एक एकीच्या पायात बांधला, एक दुसरीच्या पायात. आणि तिसरा? तिसरा तिने दातांत धरून स्वतःच्या मनगटावर बांधला. नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोरींना शेळीचं दूध पाजा. दोघींची पानं ओळीत मांडा. मी बाजूला बसते." भिवा ओक्साबोक्शी रडायला लागला. ती नाही रडली. तिला भीती वाटत नव्हती असं नाही हं. गाठ मारताना तीनदा दोरा निसटला. पण मारली तिने गाठ.

झोपलात का रे? नाही? डोळे तर टक्क उघडे आहेत. ऐका मग.

पंगतीचा दिवस उजाडला. वैशाखातलं ऊन, वारा पडलेला, पाखरू दिसेना. गावाने काठावर पत्रावळ्या मांडल्या. दहा-दहाच्या ओळी, दोनशे बावन्न. भात वाढला, आमटी वाढली, गव्हाची खीर वाढली. कुणाचा हात पानाकडे जाईना. आणि हौसा? ती तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, अगदी पाण्याजवळ एकटी बसली होती. तिच्यापुढे एक पान. त्या पानात कुणी काही वाढलं नव्हतं. घाईत विसरले असतील, किंवा वाढायचं धाडस झालं नसेल.

सावल्या आखडत आखडत पायाखाली गेल्या. आणि तळं हललं.

आधी केस वर आले. मग खांदे. मग ती बोटं. तो काठावर चढला आणि ओल्या पावलांचा चप्-चप् आवाज ओळींमागून फिरायला लागला. टाळूवर बोट टेकत, एक... दोन... तीन... कुणी डोळे मिटले, कुणी पोराच्या तोंडावर हात दाबला. सगळ्या ओळी मोजून झाल्या. तो थांबला. इतक्या वर्षांचा उपाशी तो. त्याच्या तोंडातून पाणी गळत होतं, बरं का. आणि त्याने हळूच, गोड आवाजात विचारलं, "कोण उरलं?"

हौसाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिवाच्या मांडीवरच्या दोघी पोरी एकदम रडायला लागल्या. भुकेच्या वेळेचं रडणं ते. पाळीवर बसलेल्या हौसाची चोळी दुधाने भिजली.

खालच्या आळीच्या ओळीत साळू सुईण बसली होती. ती ताडकन उठली. आपलं पान उचललं आणि तरातरा सगळ्या ओळींमधून चालत पाळीवर गेली. तात्याबा ओरडला, "साळू! कुठं चाललीस? ओळ मोडली!"

साळू वळली. म्हणाली, "मोडू दे मेली! या दोघींना आधी मी हातात घेतलंय. मी म्हणाले होते, अजून एक आहे, म्हणून ही बाई तिथं बसलीय. मी नाही तिला एकटी बसू देणार." आणि हौसाच्या शेजारी पान ठेवून, मांडी घालून बसली. कुंभारणीच्या पानाला सुइणीचं पान लागलं. गावाच्या जन्मात असं झालं नव्हतं. हौसाने तिचा हात धरला, आणि मग कुठे तिला रडू फुटलं.

भिवाला कुठला धीर धरवतोय? तोही दोन्ही पोरी आणि त्यांची पानं घेऊन पळत आला आणि बायकोजवळ बसला. हौसाने पोरींना पदराखाली घेतलं. पोरी गप्प झाल्या.

पण तिकडे काय झालं असेल? साळूच्या ओळीत नऊच राहिले. भिवाच्या ओळीत सातच. तळ्यातल्याने मान वळवली. त्याच्या बोटांतून पाणी ठिबकलं. तो हसला, आणि ते हसणं तुम्ही ऐकलं नाहीत तेच बरं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं, "कोण... उरलं?" आणि या वेळी तो साळूच्या मोडक्या ओळीमागे जाऊन उभा राहिला.

ती नऊ माणसं! त्यांच्या मानेवर तो थंडगार श्वास. आता ओळ सारखी नाही म्हणजे ही नऊच्या नऊ त्याची. त्यातली एक पोरसवदा सून किंचाळली, पान उचललं आणि पाळीकडे पळाली. तिच्यामागे बाकीचे आठ. मग भिवाच्या ओळीतले सात. पाळीवरची ओळ लांबली. एकवीस माणसं झाली तिच्यात. पण काठावर दहा-दहाच्या ओळी आणि पाळीवर एकवीसची. सारख्या कुठे झाल्या? मग दुसरी एक ओळ उठली, पाळीवरच्यांना साथ द्यायला. मग तिसरी. जितके जास्त पाळीवर जातील तितक्या काठावरच्या ओळी आणि पाळीवरची ओळ वेगळ्या दिसायला लागल्या. कशाही करा, सारख्या व्हायला तयार नाहीत. आडमुठा आकडा तो!

मग कुणी एकाने आरोळी ठोकली. कोण होता कुणास ठाऊक. "अरे, दुसरी ओळच ठेवू नका! सगळे इथंच या!"

आणि मग काय विचारता! सगळं गाव उठलं. कुणाच्या हातात पान, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पाठीवर आंधळी म्हातारी. भात सांडतोय, आमटी पायावर सांडतेय, कुणाला शुद्ध नाही. वरच्या आळीची सोवळी काकू खालच्या आळीच्या शेजारी बसली. सुतार साळ्याजवळ, माळी तेल्याजवळ, जिथे जागा मिळेल तिथे. धोंडिबा धावत आला आणि दोन पोरांच्या मधे घुसला. पाळीवरून ओळ निघाली ती तळ्याच्या कडेकडेने, वळसा घेत, पार पलीकडून फिरून पुन्हा हौसाच्या जवळ येऊन पोचली. मधे फक्त एका पानाची जागा राहिली.

आणि काठावर राहिलं कोण? तात्याबा. एकटा. हातात काठी, पायात वहाणा. त्याची बायकोसुद्धा जाऊन बसली होती. त्याला हलताच येईना. तो कुठल्या तोंडाने जाणार त्या ओळीत? मागून चप्-चप् आवाज आला. त्याच्या टाळूवर ओलं बोट टेकलं. एक. आणि बोट तिथून उचललंच नाही.

तात्याबाने डोळे मिटले.

आता हौसाने काय करावं? तुम्ही सांगा. याच माणसाने दोरा आणून दिला होता ना? ती म्हणू शकली असती, बघ आता कसं वाटतं ते. मी असते तर म्हणाले असते, खोटं कशाला बोलू. पण हौसाने पोरींना एका हातात घेतलं, अंग चोरून सरकली आणि शेजारची मोकळी जमीन थोपटली. "या हो तात्या! इथं जागा आहे. या लवकर!"

तात्याबाने काठी टाकली, वहाणा टाकल्या आणि असा धावला, असा धावला! साठीचा माणूस धोतरात पाय अडकून दोनदा पडला. मागे तो येत होताच. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं, "कोण..." आणि तात्याबाने हौसाच्या शेजारी बसकण मारली. पान आणायला विसरला होता. हौसाने आपलं रिकामं पान दोघांच्या मधे ओढलं.

"...उरलं?"

कुण्णी नाही.

तळ्यातला ओळीमागून चालायला लागला. टाळूवर बोट टेकत, एक, दोन, तीन... ओळ किती? एक. तिच्याशी लहान-मोठी ठरवायला दुसरी ओळच नाही. तो टोक शोधत होता. टोकालाच तर कुणीतरी उरतं ना! पण टोक येईना. तळ्याला एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. पुन्हा हौसा, पुन्हा साळू, पुन्हा तात्याबा. टाळूवरचं बोट कोरडं व्हायला लागलं. त्याच्या अंगावरचं शेवाळ उन्हात करपून गळून पडलं.

मग तो थांबला. एवढी सगळी माणसं ओळीत, आणि ओळीबाहेर उभं कोण? त्याने आपलंच लांब बोट उचललं आणि आपल्याच टाळूवर टेकवलं.

"एक," तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच कापला.

तळ्याने अट ऐकली होती, पोरांनो. ज्याला ओळ नाही, तो तळ्याचा. पाण्याचा एक लोट वर आला, त्याच्या कमरेला वेटोळं घातलं आणि त्याला खेचून नेलं. त्याने काठाला बोटं रोवली होती, त्याचे ओरखडे राहिले मातीत. मग पाणी शांत झालं. तळाची भेग कायमची मिटली. तळं मात्र आटलं नाही. कसं आटेल? आता चोरून प्यायला खाली कुणी नव्हतंच.

मग साळू म्हणाली, "अरे, त्या बाळंतिणीच्या पानात कुणी वाढलंय का नाही?" आणि मग एवढी धांदल उडाली! ज्याच्या पानात जे उरलं होतं ते त्याने पुढे दिलं. हातोहात खीर आली, भात आला. तात्याबाने साळूच्या तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला. मग त्याने दोन्ही पोरींच्या पायांतले दोरे सोडले. हौसाच्या मनगटावरची गाठ काही सुटेना, ती त्याने दातांनी सोडवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि लाज वाटली नाही त्याला.

पुढे त्या गावात कधी एक जाई आणि तिघं येत, कधी दोघं जात आणि कुणीच येत नसे. कुणी मोजलं नाही. पंगत मात्र दर वैशाखात बसते, तळ्याभोवती, एकच ओळ. जास्तीचं माणूस आलं तर म्हणतात, सरका जरा. हौसाच्या पोरी मोठ्या झाल्या, त्यांना पोरं झाली, साळू म्हातारी होऊन सुखाने गेली, आणि गाव भरल्या पोटाने नांदलं.

झालं. गोष्ट तळ्याला, झोप डोळ्याला. आता त्या दोन गोधड्या आडव्या टाका बघू. अशा. माझं पांघरूणही घ्या वरून. आता सगळे एका ओळीत आडवे व्हा. बाळ्या, सरक. दिगू, तू रेणूला आत घे. पाय बाहेर राहतात? राहू देत, उकडतंय तसंही. नाही रे, खाटेखाली काही नाही, मघाशी मी उगाच म्हणाले.

काय गं रेणू? आपण किती जण?

किती म्हणजे? एक ओळ. झोपा आता.